सदर घर निर्मनुष्य नसल्याबाबत

प्रति,
मा. उपद्रव निवारण अधिकारी,
घर व परिसर वन्यजीव विभाग,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक चारच्या मागे.

दिनांक : नोटीस लागल्यापासून तेरावा दिवस, सकाळ.

विषय : माळ्यावरील वटवाघळांचा बंदोबस्त होण्याबाबत.
(खोडले. हा विषय मागच्या अर्जाचा. कागद तोच वापरला आहे.)

विषय : घर रिकामे असल्याची चुकीची नोंद दुरुस्त करून मिळण्याबाबत, आणि त्यासाठी मुदत वाढवून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा तक्रार अर्ज. २) आपल्या पाहणीदारांचा अहवाल. ३) अर्जदार घरात असताना अर्जदाराच्या दाराला बाहेरून चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

अर्जात 'मी' लिहू नये, 'अर्जदार' लिहावे, म्हणजे रडगाणे वाटत नाही, असे खिडकी क्रमांक चारवरील कारकुनांनी समजावल्यामुळे पुढे सर्वत्र तसे लिहिले आहे. जिथे अर्जदार येईल तिथे तो अर्जदारच समजावा.

१. अर्जदार छत्र्या दुरुस्त करून पोट भरतो, म्हणजे भरत असे. वय एकाहत्तर. गल्लीच्या शेवटी, जिथे रस्ता कंटाळून वळतो, तिथे अर्जदाराचे कौलारू घर आहे. खाली दोन खोल्या, वर माळा. पुढच्या खोलीत खिडकीशी कामाचे टेबल. त्यावर काड्यांचा डबा, मुठींचा डबा, जाड सुया, मेणाचा गोळा. मागच्या खोलीत झोपणे, स्वयंपाक आणि बाकी सगळे. पत्नीला जाऊन दोन वर्षे झाली. मुलगा दूर असतो आणि दर रविवारी फोन करतो. जेवलात का, असे तो विचारतो; जेवलो, असे अर्जदार सांगतो; मग थोडा वेळ दोघेही एकमेकांच्या घरातला पंखा ऐकतात. मुलाविषयी तक्रार नाही. घरात किती माणसे राहतात, या रकान्यासाठी हे लिहिले. एक.

२. पत्नी गेली त्याच वर्षी माळ्यावर वटवाघळे आली. लहान जातीची, मुठीत मावतील एवढी. वळचणीला भिंत आणि कौल यांच्यामध्ये दोन बोटांची फट आहे, तिथून त्यांचे येणे-जाणे. आधी दहा-वीस होती. पाहुणी म्हणून आली आणि मालक होऊन बसली. दिवसभर वर कुजबुज, खरवड, मधूनच भांडण. लेंड्या फळ्यांच्या फटींतून खाली, थेट टेबलावर, नुकत्याच ताणून शिवलेल्या कापडावर. वास असा, की अर्जदार बाजारात निघाला तर तो आधी पोचतो. एकदा एक वटवाघूळ मागच्या खोलीत शिरले. आपल्या खात्याच्या पत्रकात लिहिल्याप्रमाणे अर्जदाराने दिवे घालवले, खिडकी सताड उघडली आणि अंगावर चादर घेऊन कोपऱ्यात गप्प बसून राहिला. वटवाघळाने चार घिरट्या घातल्या आणि ते निघून गेले. पत्रक बरोबर आहे. ते निघून गेल्यावर कोपऱ्यात बसलेल्या माणसाने पुढे काय करायचे, एवढेच त्यात दिलेले नाही.

पण लेंड्या आणि वास यांचे एक वेळ चालले असते. खरा त्रास दिवेलागणीचा. आभाळ करडे होऊ लागले की वर लगबग सुरू होते, आणि मग सगळे कुटुंब त्या फटीतून एकामागून एक निसटते. पाच-सात मिनिटांत घर ओस. रोज संध्याकाळी घरातले झाडून सगळे बाहेर जातात आणि अर्जदार एकटा मागे राहतो. मूळ तक्रारीत हे वाक्य होते. हे उपद्रवाच्या कोणत्या प्रकारात बसते, अशी विचारणा आपल्या कार्यालयाने केली होती. अर्जदाराने 'इतर'वर खूण केली.

३. तक्रारीवरून आपले पाहणीदार आले. ते कधी आले हे अर्जदाराला ठाऊक नाही, कारण त्यांनी दार वाजवले नाही. पाहणीच्या वेळी प्राणी दचकतील असा आवाज करू नये, हा आपला नियम असल्याचे मागाहून कळले. दार वाजवणे हा आवाज. त्यांनी पुढच्या खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून आत पाहिले आणि ते गेले. अर्जदार तेव्हा मागच्या खोलीत दुपारचा आडवा झाला होता. अहवाल पुढे उतरवला आहे. जोडपत्रे कोणी उलटून पाहत नाही, असे खिडकी क्रमांक चारवरच समजल्याने ती शेवटी न लावता मध्येच घेतली आहेत, राग नसावा.

माळा : लहान वटवाघळे. संख्या मोठी. पिल्लांचा काळ.
तळमजला : मोठी वटवाघळे. एकसष्ट. छतालगतच्या दांडीला उलटी लटकलेली. सर्व गाढ झोपेत. पाहणीदरम्यान एकही हलले नाही. पैकी साठ काळी, एक तांबडे. तांबडे दुर्मीळ जातीचे असण्याचा संभव. वरिष्ठांनी पाहावे.
मनुष्यवस्ती : आढळली नाही.
शिफारस : निर्मनुष्य घर. वटवाघळांचा निवारा म्हणून राखून ठेवावे. पंधरा दिवसांत पुराव्यासह हरकत न आल्यास दार-खिडक्या बंद करून फलक लावावा.

३ (अ). तळमजल्यावरील एकसष्टांचा खुलासा. त्या छत्र्या आहेत.

दुरुस्त केलेली छत्री मिटायची, पण आवळायची नाही. सैल ठेवून मुठीने दांडीला अडकवायची, म्हणजे कापडाला हवा लागते. ही या धंद्याची रीत आहे आणि अर्जदाराच्या वडिलांचीही हीच रीत होती. लोक छत्री टाकून जातात, न्यायला विसरतात, नवी घेतात. प्रत्येक मुठीला चिठ्ठी आहे आणि तीवर गिऱ्हाईक कसे ओळखायचे ते लिहिले आहे : 'डाव्या पायाने लंगडणारे', 'बँकेतले, तोतरे', 'दोन वेण्यांच्या मुलीची आई'. त्या दोन वेण्यांच्या मुलीलाच आता मुलगी असेल. दुसऱ्याची वस्तू विकायची नाही, हा पत्नीचा दंडक. त्यामुळे सगळ्या आहेत तशा आहेत. त्यांतली एकही हलली नाही, हे पाहणीदारांचे निरीक्षण अचूक आहे. कैक वर्षांत हललेली नाही.

तांबडी छत्री पत्नीची. तिच्यासारखी दुसरी नाही, एवढ्यापुरती तीही नोंद अर्जदाराला मान्य आहे.

४. (हा परिच्छेद पत्नीविषयी होता. विषयाला सोडून असल्याने खोडला. पुढचे क्रमांक बदलले नाहीत, कारण ते आधीच शाईने घातले होते.)

५. नोटीस लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्जदार आपल्या कार्यालयात हजर झाला. खिडकी क्रमांक चारवरील कारकून भला माणूस आहे. त्याने बसा म्हटले; बसायला काही नव्हते ही गोष्ट वेगळी. त्या घरात मी राहतो, असे अर्जदाराने सांगितले. कारकुनाने कागद पाहिला, अर्जदाराला पाहिले, पुन्हा कागद पाहिला, आणि कागदावर त्याचा अधिक विश्वास बसला.

'काका, तुम्ही इथे आहात हे मला दिसतंय,' तो म्हणाला. 'पण तुम्ही तिथे असता, हे कुठे दिसतंय?'

अर्जदाराने ओळखपत्र पुढे केले. त्यावर पत्ता आहे, वास्तव्य नाही, असे उत्तर मिळाले. विजेचे बिल दाखवले. कारकुनाने ते शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे सरकवले आणि एवढ्याशा विजेत माणूस राहू शकतो का, यावर दोघांची चर्चा झाली. एखादा फ्रिज चालू राहिला असेल, असे ठरले. अर्जदाराकडे फ्रिज नाही. मग पाहणीदारांना पुन्हा पाठवा आणि या खेपेला दार वाजवायला सांगा, अशी विनंती करून पाहिली. एकदा पाहणी झाली की सहा महिने दुसरी नाही, प्राणी बुजतात. हे सगळे ऐकताना अर्जदाराच्या मनात चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आली. पण इथे चोर कोण आणि संन्यासी कोण, हे नीट ठरवता न आल्याने ती बोलून दाखवली नाही.

शेवटी कारकुनाला दया आली आणि त्याने खणातून नमुना सात काढून दिला. समोरासमोर राहणाऱ्या अथवा शेजारच्या एका प्रौढ व्यक्तीने, अर्जदाराला त्याच्या घरी, तीस वेगवेगळ्या दिवशी प्रत्यक्ष पाहिल्याचा दाखला. तारीखवार.

'सोपं आहे,' तो म्हणाला. 'रोज कुणीतरी बघतच असेल की तुम्हाला.'

आपल्या कार्यालयाच्या जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. त्या उतरेपर्यंत अर्जदाराला एकही माणूस आठवला नाही.

६. तिसऱ्या दिवशी अर्जदार माणूस शोधत फिरला. दुधाची पिशवी पहाटे दाराच्या कडीला लागते. दूधवाल्याला गाठून विचारले, तर पिशवी आत जाते म्हणजे कुणीतरी घेत असणार, एवढे तो लिहून द्यायला तयार झाला. मात्र मांजरही नेत असेल, आपण शपथेवर सांगणार नाही, असेही म्हणाला. पोस्टमन पत्र दाराखालून सरकवतो, आणि हल्ली सरकवण्यासारखे काही येत नाही. पाण्याचे मीटर अंगणात आहे. किराणावाला अर्जदाराला चांगला ओळखतो, दाढीचा साबण न मागता काढून ठेवतो, पण तो ओळखतो ते दुकानात. नमुना सातमध्ये 'त्याच्या घरी' असे स्पष्ट म्हटले आहे. रविवार नव्हता तरी अर्जदाराने मुलाला फोन केला. तो म्हणाला, 'बाबा, मी देतो की लिहून.' मग त्याने शेवटचे कधी आलो ते आठवून पाहिले, आणि मग बराच वेळ पंखा ऐकू आला.

तात्पर्य, नोटिशीत जे लिहिले आहे ते खोटे असले तरी अगदीच बिनबुडाचे नाही, असे संध्याकाळपर्यंत अर्जदारालाच वाटू लागले होते. हे वाक्य अर्जदाराविरुद्ध पुरावा म्हणून धरू नये.

७. समोरच्या घरात एक बाई एकट्या राहतात. चौतीस वर्षे त्या परीक्षेच्या हॉलवर देखरेखीला होत्या. गल्लीत सगळे त्यांना सुपरवायझर बाई म्हणतात आणि त्यांच्या दारावरून जाताना आपसूक ताठ चालतात. अर्जदाराचा आणि त्यांचा अकरा वर्षे अबोला होता. कारण दोघांनाही आठवत नाही. ते भक्कम होते, एवढे मात्र दोघांनाही पक्के आठवते. दुसरा इलाज नसल्याने चौथ्या दिवशी सकाळी अर्जदाराने त्यांचे दार वाजवले.

त्यांनी नमुना सात उभ्या उभ्या दोनदा वाचला. मागची कोरी बाजूही पाहून घेतली.

'महिन्याभरात मी तुम्हाला चारदा पाहिलं,' त्या म्हणाल्या. 'त्यातलं दोनदा पाठमोरं. म्हणजे दोनदा.'

समोरच राहता, रात्रीचा दिवा तर रोज दिसत असेल, असे अर्जदाराने सुचवले.

'दिवा दिसतो. दिव्याचा दाखला हवा असेल तर देते.'

अर्जदार जरा अजीजीने बोलला असावा. त्यावर त्यांनी ऐकवले की चौतीस वर्षांत कोणालाही एक मिनिट जास्त दिलेले नाही, सख्ख्या भाचीलाही नाही, तेव्हा तीस दिवस तर सोडाच. अर्जदार वळला आणि पायरी उतरू लागला. तेव्हा त्या मागून म्हणाल्या, 'छत्रीवाले, मी सही करणार नाही असं कुठे म्हटलं. आजपासून मोजू. संध्याकाळी उजेड असेपर्यंत अंगणात बसा, तोंड रस्त्याकडे करून.'

त्या दिवसापासून त्या रोज येतात. सोबत एक लांबट वही असते. परीक्षार्थींच्या हजेरीची, उरलेली पाने असलेली. त्या येतात त्याच वेळी वळचणीतून वटवाघळे सुटू लागतात. पहिल्या दिवशी त्यांनी लेंड्यांच्या धाकाने डोक्यावर वर्तमानपत्र धरले आणि खिडकीतून आत पाहून म्हणाल्या, एवढ्या टांगल्यात, एक द्या की. त्या दुसऱ्यांच्या आहेत, असे सांगावे लागले. तुमची स्वतःची द्या, म्हणाल्या. अर्जदाराला स्वतःची छत्री नाही. त्या हसल्या. हसल्याची नोंद त्यांनी वहीत केलेली नाही. बाकीची नक्कल अशी.

दिवस चौथा. हजर. मला दिलेली खुर्ची डुगडुगते.
पाचवा. हजर. दाढी केली नव्हती. ओळख पटवायला वेळ गेला.
सहावा. हजर. खुर्ची दुरुस्त. दोघांत मिळून सात-आठ वाक्ये. सर्व वटवाघळांविषयी.
सातवा. हजर. वरची मोजली. दोनशे नऊ. यांचे म्हणणे दोनशे अकरा. उद्या पुन्हा मोजणे.
आठवा. गैरहजर. आवाज ऐकला. माणूस पाहिला नाही.
नववा. हजर. कालच्या नोंदीवरून वाद. नोंद बदलणार नाही. चहा फार कडक.
दहावा. अंगणात नाहीत. दार वाजवले. पुन्हा वाजवले. आत जाऊन पाहिले. अंगात ताप. आडवे, पण हजर.
अकरावा. हजर. ताप उतरला. मऊ भात नेला होता, संपवला.
बारावा. हजर. विशेष काही नाही. बसलो होतो.

८. आठव्या दिवसाच्या गैरहजेरीचा खुलासा करणे अर्जदारास भाग आहे, कारण चूक अर्जदाराची आहे.

अर्जदाराच्या मनात आले, घर राखीव कशामुळे, तर वटवाघळांमुळे. ती गेली की नोटीसही गेली. मग तीस दिवस कोणाच्या तोंडासमोर बसायला नको. आपल्या पत्रकात एक युक्ती चित्रासह दिली आहे. फटीला कापडाची नळी लावायची, वर घट्ट आणि खाली मोकळी. वटवाघूळ घसरत बाहेर पडते, पण परत येताना त्याला आत शिरायची वाट सापडत नाही. कापड आणि सुई तर अर्जदाराच्या हाताखालचीच. सकाळभर बसून छत्रीच्या कापडाची नळी शिवली, दुपारी शिडी लावून आतून-बाहेरून वळचणीला टाचली. काम सुबक झाले होते. संध्याकाळी बाईंना कळू नये म्हणून अर्जदार अंगणात आला नाही, आत अंधारात बसला.

पिल्ले उडू लागेपर्यंत हा उपाय करू नये, असे पत्रकाच्या त्याच पानावर खाली लिहिलेले होते. आपल्या अहवालातही 'पिल्लांचा काळ' असे स्वच्छ अक्षरात होते. तो अहवाल अर्जदाराने दहा-बारा वेळा वाचला होता, पण दरवेळी फक्त स्वतःची ओळ.

सगळी बाहेर पडली. थोड्या वेळाने काही परत आली. ती नळीवर आपटू लागली, बाहेरून कापडाला बिलगून सरपटू लागली, एकावर एक. आणि आत, अर्जदाराच्या डोक्यावरच्या फळ्यांमागे, बारीक बारीक आवाज सुरू झाले. आधी दोन-चार, मग सबंध माळाभर. बाई अंगणात होत्या. त्या ओरडल्या नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

'छत्रीवाले, आत लेकरं राहिलीत त्यांची.'

अर्जदार माळ्यावर चढला. आतल्या बाजूने हात घालून टाके उसवायला लागला. शिवण पक्की होती, त्यामुळे एकेक टाका जीव खात होता. निघाली का, असे बाई खालून विचारत. निघतेय, असे अर्जदार वरून सांगे. शेवटी नळी सुटून खाली पडली, आणि पिल्लांच्या आया आत येऊ लागल्या. कानाजवळून, केसांजवळून, एकदाही न लागता. अर्जदार तुळईला पाठ टेकून जागच्या जागी बसून राहिला. दोनशेंच्या वर जीव, मिट्ट काळोख, आणि प्रत्येकीला आपले पिल्लू सापडत होते. कोण कुणाचे हे त्यांना कसे कळते, अर्जदाराला माहीत नाही. आवाज हळूहळू विझत गेले. तू इथे कोण, असे अर्जदाराला तिथे कोणी विचारले नाही.

खाली उतरेपर्यंत उजेड संपला होता आणि बाई वही मिटून घरी गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी अर्जदाराने तक्रार केली की आपण माझ्याशी बोललात, मी उत्तरे दिली, मग गैरहजर कसा. 'हॉलमधून पेन चालल्याचा आवाज येतोय म्हणून मी कुणाला हजर धरलेलं नाही,' असे त्या म्हणाल्या. मग चहा पिऊन झाल्यावर, वहीकडे पाहत म्हणाल्या, 'तुमचा दिवा लागेपर्यंत मी खिडकीत उभी होते पण.' हे वहीत नाही. वहीत येणार नाही, असेही त्यांनी सांगितले.

९. मागणी पुढीलप्रमाणे. मुदत परवा संपते. नमुना सातमध्ये आठ दिवस भरले आहेत, बावीस भरायचे आहेत. म्हणून मुदत निदान बावीस दिवसांनी वाढवून द्यावी. तोवर दार-खिडक्या बंद करण्यासाठी माणसे पाठवू नयेत, आणि पाठवलीच तर अर्जदार आत असेल हे त्यांना आधी सांगावे. तळमजल्यावरील एकसष्ट हा आकडा शून्य करावा. माळ्यावरील वटवाघळांची मूळ तक्रार अर्जदार मागे घेत नाही. वास आहे, लेंड्या आहेत, टेबलावर ताडपत्री घालून काम करावे लागते. पण पिल्ले उडून जाईपर्यंत त्या तक्रारीवर कारवाई नको. त्यानंतर नळी पुन्हा लावायची झाल्यास ती अर्जदाराकडे आहे, टाके घालून देईल.

१०. आता जे लिहायचे आहे ते अर्जात कसे लिहितात, हे अर्जदाराला ठाऊक नाही आणि खिडकी क्रमांक चारवर विचारण्यासारखे ते नाही.

आपण वरिष्ठ आहात. हा अर्ज इथवर वाचून आपणास दया येईल, किंवा नुसता कंटाळा येईल, आणि नमुना सात पुरा होण्याची वाट न पाहता आपण स्वतःच्या अधिकारात आजच शेरा माराल, की सदर घरात एक इसम राहतो. आपणास तसे करता येते, असे समजते. तसे कृपया करू नये.

सुपरवायझर बाई नियमाच्या पक्क्या आहेत. येते ती कामासाठी येते, असे त्यांनी दोनदा बजावले आहे, आणि अर्जदारानेही दोन्ही वेळा मान हलवली आहे. काम झाल्याचे आपले पत्र आले, तर त्या त्याच क्षणी वही मिटतील, पेनाला टोपण लावतील आणि गल्ली ओलांडून जातील. गल्ली नऊ पावलांची आहे. पण उगाच, काही काम नसताना, एका घरातून उठून दुसऱ्या घरी जाऊन बसायचे कसे, हे आता या वयात त्यांनाही जमणार नाही आणि अर्जदारालाही जमणार नाही. दोघांनाही त्याची सवय राहिलेली नाही.

तरी नोंद दुरुस्त व्हावी, परंतु रीतसर व्हावी, पुरे तीस दिवस भरून व्हावी. आणि दाखला आपल्या टेबलावर आल्यावर त्यात एखादी त्रुटी आढळल्यास तो अग्राह्य ठरवून पहिल्या दिवसापासून नव्याने मोजणी करण्याचा आदेश आपण दिलात, तर त्यास अर्जदाराची हरकत राहणार नाही.

आपला नम्र, आणि आज संध्याकाळी उजेड असेपर्यंत अंगणात असणारा,

(सही)
छत्री दुरुस्त करणारा,
कौलारू घर, मागची खोली.

जोडपत्रे : वर मध्येच आली आहेत. नमुना सात अजून बाईंच्या वहीत आहे.